आवाज करणारा कॅमेरा

सोमवारी मी जीप धुतो. माळावरची धूळ निघते, रविवारचे किस्से निघत नाहीत. ते सीटखाली साठत जातात. टपरीवर कुणी विचारलं की बाहेर पडतात.

माझी शाळा चौथीपर्यंत. आयुष्यभर ट्रक चालवला. आता दर रविवारी सोलापुरातल्या चार-पाच जणांना पाखरा-जनावरांचे फोटो काढायला माळावर नेतो. मी फोटो काढत नाही. सांगतील तिथं गाडी थांबवतो आणि गप्प बसतो. दुसरं काम जास्त अवघड आहे.

उगाच कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही. पण अण्णांचं करावं लागतं.

*

अण्णा म्हणजे व्यंकण्णा. सोलापूरच्या पूर्व भागातले. यंत्रमागावर टॉवेल विणून म्हातारे झाले. मागांच्या खडखडाटात कान गेले. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच थोडं ऐकू येतं.

पहिल्या रविवारी ते मोकळ्या हातांनी आले. आमच्यातले जाणकार म्हणजे जोशी मास्तर, रिटायर झालेले. ते आवाजावरून पाखरू ओळखतात. तित्तर ओरडला. मास्तर कान टवकारून डावीकडं गेले, मग उजवीकडं गेले, मग ओढ्यापर्यंत जाऊन आले. अण्णा जीपपाशीच उभे होते. त्यांनी हळूच बोट दाखवलं. तित्तर माझ्या पुढच्या चाकाजवळच्या गवतात बसला होता.

"अहो अण्णा, तुम्हाला ऐकू कसा आला?" मास्तर त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले.

"ऐकू कुटं आला? नुसता दिसला की."

तित्तर मास्तरांच्या ओरडण्यानं उडाला.

*

मग अण्णांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. पैसे बेताचे. त्यातले निम्मे त्यांच्या बायकोचे, नरसाक्कांचे. त्या घरी बिड्या वळतात. भिशी लागली होती.

जीपमध्ये सल्ले सुरू झाले. मास्तर म्हणाले, "पैसे लेन्सवर घाला, बॉडी जुनी चालते." बँकेतले कदम म्हणाले, "जुनं काही घेऊ नका. नवा छोटा घ्या, झूम त्यातच असतो, गॅरंटी मिळते." दोघांचं मोहोळपर्यंत भांडण झालं. अण्णांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. ते खिडकीतून बाहेर बघत होते. सगळ्यात शांत गिऱ्हाईक तेच होते.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो. दुकान रफीकभाईंचं. त्यांनी बजेटमधला एक चांगला कॅमेरा काढला. हलका, आवाज अजिबात नाही. अण्णांनी तो तळहातावर धरला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. परत ठेवला.

"हा चालू हाय का बंद, कायच कळंना."

मग त्यांनी कोपऱ्यातला एक जाडजूड जुना कॅमेरा उचलला. लांब लेन्स त्याच्याबरोबरच मिळत होती. बटण दाबलं. खाट्! रस्त्यावरचा कुत्रा उठून बसला. अण्णांच्या हाताला झटका बसला आणि चेहरा खुलला.

"हा काम करतोय."

रफीकभाई माणूस सच्चा. त्यांनी स्वतःच्या कानावर हात ठेवून दाखवला. "अण्णा, आवाज भोत करता ये. जनावर भाग जाते."

अण्णा म्हणाले, "आवाज तुमाला येतोय. मला कुटं येतोय?"

*

कॅमेरा घरी आला त्या दिवशी नरसाक्कांनी अट घातली. दसऱ्यापर्यंत भिंतीवर लावण्यासारखा एक तरी फोटो पाहिजे. नाहीतर कॅमेरा परत. रफीकभाईंनीही दसऱ्यापर्यंत परत घेण्याचं कबूल केलं होतं.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी माळावर पखुर्ड्यांचा थवा बसला होता. खाट्! माळ रिकामा झाला. मास्तर कपाळाला हात लावून बसले.

अण्णा म्हणाले, "पाखरं लई हुशार झाल्यात. बटण दाबलं की उडत्यात."

मी त्यांच्या कानाशी गेलो. "अण्णा, तुमचा कॅमेरा आवाज करतोय."

"मशीन हाय, आवाज करणारच. माझ्या मागानं जलमभर केला. कापड निघालंच की."

 

*

महिन्याभराचे फोटो अण्णांनी नरसाक्कांना दाखवले. मी तिथंच चहा घेत होतो. नरसाक्कांच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात चालूच. त्यांनी एकेक फोटो पाहिला. चंडोल, पखुर्ड्या, एक ससा. सगळे पळताना.

"समद्यांची ढुंगणंच हायत की. तुमच्या जनावरांना तोंड न्हाय व्हय?"

एवढं मात्र त्या कानाशी जाऊन ओरडल्या. अण्णांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा घेतला नाही.

*

त्या एवढं बोलल्या, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी चादरीच्या तुकड्यांची गादीसारखी खोळ शिवली आणि कॅमेऱ्याला घातली. आवाज निम्मा झाला. मास्तर खूश.

पण खोळीतून हाताला झटका लागेना. फोटो निघाला की नाही, अण्णांना समजेना. म्हणून ते दाबत राहिले. सकाळ संपायच्या आत कार्ड भरलं. घरी जाऊन बघितलं तर एकाच बोरीचे शेकडो फोटो. पाखरू फक्त पहिल्यात होतं.

अण्णांनी खोळ काढली. ती आता माझ्या सीटवर आहे. पाठीला बरी पडते.

*

उजनीच्या पाण्यावर रोहित आले होते तेव्हाची गोष्ट. काठावर पुण्याची पोरं पहाटेपासून बसलेली. लेन्सा तोफांसारख्या. त्यांना उडणारा थवा पाहिजे होता आणि थवा चिखलात मान घालून चरत होता. उडायचं नाव नाही.

अण्णा शेजारी जाऊन बसले. खाट्!

सगळा थवा उठला. गुलाबी पंख, खाली पाणी. पोरांचे कॅमेरे सुरू झाले. अण्णांना नेहमीप्रमाणे शेपट्या मिळाल्या. थवा पलीकडं जाऊन बसला, तसा पोरांपैकी एक जण अण्णांच्या पाया पडला.

"काका, अजून एकदा दाबता का?"

*

दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार आला. कॅमेरा परत करायची पिशवी अण्णांनी बरोबरच आणली होती. खोका, पट्टा, सगळं.

मेंढरं राखणाऱ्या बिरूनं निरोप दिला होता, ओढ्याच्या वरच्या अंगाला रोज सकाळी एक लांडगा जातो. मास्तरांनी जन्मात लांडग्याचा चांगला फोटो काढला नव्हता. त्यांनी अण्णांना हात जोडले आणि खुणेनं सांगितलं, तुम्ही तिकडं लांब बसा.  डावीकडं दूर एक बोरीचं झुडूप होतं, अण्णा त्याच्या आड जाऊन बसले. मला ते आवडलं नाही. पण मी गाडीवाला.

लांडगा आला. आमच्याकडं पाठ करून चढ चढू लागला. कदम आणि मास्तरांचे कॅमेरे मुके, आवाज न करता चाललेले. सगळ्यांना पाठ आणि शेपूट मिळत होतं. दहा पावलांत तो चढापलीकडं गेला असता.

खाट्!

लांडगा थांबला. मान वळवून बघितलं. पळाला नाही. बघत उभा राहिला. परत एक खाट्. मग सावकाश निघून गेला.

जीपमध्ये सगळ्यांनी फोटो पाहिले. मास्तरांचा झकास आला होता. कदमांचाही. दोघांच्याही फोटोत लांडगा डावीकडं कुठंतरी बघत होता. अण्णांच्या फोटोत तो सरळ डोळ्यांत बघत होता.

मास्तरांनी अण्णांचा कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन तो फोटो पुन्हा पाहिला. मग त्यांनी कॅमेरा अण्णांना परत दिला, दोन्ही हातांनी.

दसऱ्याला सोनं द्यायला मी अण्णांकडं गेलो. फोटो मोठा करून दारासमोरच्या भिंतीवर लावला होता. नरसाक्का अण्णांकडं पाठ करून फोटोपुढं उभ्या होत्या. सूप खाली ठेवलेलं.

"एवढं वळून बघतोय," त्या म्हणाल्या, "तुमी हाक मारली व्हती का त्याला?"

अण्णांना काही ऐकू गेलं नाही. बायको फोटोपुढून हलत नाही, एवढं त्यांना दिसलं.

"व्हय," ते म्हणाले.