चौऱ्याऐंशी घरं, एक फंक्शन

वीका स्खाफ्स्मानं अ‍ॅमस्टरडॅममध्ये अठ्ठावीस वर्षं ट्राम चालवली, आणि एकदाही कुणापुढं मान खाली घातली नाही. गुडघ्यानं दगा दिला तशी ती घरी बसली, पण गप्प बसली नाही. तिच्या वसाहतीत चौऱ्याऐंशी घरं. निम्म्याहून जास्त भिंतींवर काळी बुरशी. घरं भाड्यानं देणाऱ्या संस्थेचं एकच पालुपद: तुम्ही घर तापवत नाही, म्हणून ओल येते. भिंती दुरुस्त व्हायच्या की नाही, ते आता संस्थेबरोबरच्या सभेत ठरणार होतं.

वीकानं दारोदार फिरून दमटपणा आणि तापमान चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं, अन् लायब्ररीत बसून पायथन ही संगणकाची भाषा स्वतःच शिकली. दोष न तापवण्याचा की भिंतीचा, हा एका घराचा निकाल नऊ ओळींत लागला. मग त्याच नऊ ओळी तिनं दुसऱ्या घरासाठी चिकटवल्या, मग तिसऱ्या.

"चौऱ्याऐंशी वेळा?" लायब्ररीतला रुलॉफ म्हणाला. "आणि त्यातली एक ओळ चुकली तर?"

"माझी चुकत नाही."

"अगं, दर थांब्याला नवी ट्राम लागायची का तुला? त्या नऊ ओळींचं मिळून एक फंक्शन लिही, एकदाच. त्याला नाव दे. कंसात चिठ्ठीवरची ओळ द्यायची, निकाल परत घ्यायचा. मग हव्या त्या घरासाठी नुसती नावानं हाक मार."

ती तणतणत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून तिनं एकच फंक्शन लिहिलं. नाव: भिंत. स्वतःच्या घराची ओळ दिली: ७१, १९. उत्तर आलं, घर उबदार, दोष भिंतीचा. झालं की! बाकीच्यांचा निकाल थेट सभेतच दाखवायचा, असं तिनं ठरवून टाकलं.

सभेत तिथल्या रिवाजाप्रमाणं कॉफीबरोबर माणशी एकच बिस्कीट फिरलं, डब्याचं झाकण लागलं, पडदा उजळला. चाळीस घरांचं तापमान पाच अंश, तीन अंश, आठ अंश. भाडेकरू घर तापवत नाहीत.

संस्थेचा अधिकारी फान हाउवेलिंगन खुर्चीत रेलला. "आम्ही तरी वेगळं काय सांगत होतो, बाई?"

"पाच अंश? माझ्याकडं?" मागच्या रांगेतली भाडेकरू नाइमा कडाडली. "त्या खोलीत मी बाळाला आंघोळ घालते! वीका, तू कुणाच्या बाजूची गं?"

वीकाचे कान तापले. तिनं नाइमाची चिठ्ठी काढली. ६८,५, १८. म्हणजे साडेअडुसष्ट टक्के दमटपणा, अठरा अंश. इथं दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात. वीकाही शाळेपासून तेच करत आलेली. आणि फंक्शनला तिनं सांगितलं होतं, दिसेल त्या स्वल्पविरामावर तोड. अडुसष्ट झाला दमटपणा, पाच झाले अंश. तिच्या स्वतःच्या घराचे आकडे बिनदशांशाचे होते, म्हणून चूक दिसलीच नव्हती.

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

"चौऱ्याऐंशी घरं, दहा मिनिटांत?" अधिकारी हसला. "पुढच्या महिन्यात भेटू या."

"तुमची कॉफी गार व्हायच्या आत. बसा."

सगळ्यांदेखत तिनं 'भिंत' फंक्शनच्या पोटातल्या दोन ओळी बदलल्या: स्वल्पविरामापुढं मोकळी जागा असेल तिथंच तोड, उरलेल्या स्वल्पविरामाचं टिंब कर. चौऱ्याऐंशी हाकांपैकी एकीलाही बोट लावलं नाही. बटण दाबलं. एक्कावन्न घरं उबदार, दोष भिंतीचा.

अधिकाऱ्यानं नाइमाची चिठ्ठी स्वतः पडताळली, मग आणखी चार. "हे कुणी लिहून दिलं तुम्हाला?"

"मीच लिहिलं. मघाची चूकही माझीच होती."

त्यानं कॉफी संपवली आणि सभेच्या टिपणात लिहिलं: भिंतींचं काम वसंतात सुरू.

नाइमानं उठून डब्याचं झाकण पुन्हा उघडलं. त्या सभागृहात दुसरं बिस्कीट मिळालेली वीका पहिलीच.