माइकवरचे मामा

वडीगोद्रीच्या माझ्या मामांनी माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारल्याशिवाय आमच्या भागात एकही लग्न लागलेलं नाही, आणि लागलं असेलच तर ते मी धरत नाही. आमच्याकडे मांडवात आलेल्या मानाच्या पाहुण्याचं गावासकट नाव पुकारून स्वागत होतं. ते राहिलं की सोयरे जन्मभर फुगून बसतात. मामांना अख्ख्या तालुक्याची माणसं पाठ, आणि ही विद्या त्यांनी मांडवापुरती कधी ठेवली नाही. घरातसुद्धा "मालकीणबाईंना नम्र विनंती, चहा घेऊन जल्दी ओसरीवर यावं!" फोन उचलला की आधी त्यावर टिचकी मारून "हॅलो, चेक". एसटीतून उतरलेल्या अनोळखी माणसाला गाव विचारून तिथल्या तिथं त्याचं स्वागत. मी चळवळीतला; तहसील कचेरीपुढच्या आमच्या पहिल्या धरण्याला मूठभर पोरं जमली होती; मामांनी एकेकाचं बापाच्या नावासह असं स्वागत केलं की, जिल्हा लोटलाय असं वाटून साहेब चहा टाकून बाहेर आले. माझं पत्रक वाचून तोवर कोणीच बाहेर आलं नव्हतं.

अशा माणसानं तीर्थपुरीच्या एका लग्नात "शहागडचे आबा सहकुटुंब आलेले आहेत, त्यांचं स्वागत!" असं पुकारलं. आबा वर्षापूर्वीच वारले होते. मामा स्वतः त्यांच्या दहाव्याला गेलेले. आबांचा मुलगा मांडवात खाली मान घालून उभा राहिला. जेवणाच्या पंगतीत मात्र सगळे हसत होते. "मामा पहिल्यापासून असेच", "वय झालं आता, चालायचंच."

चालायचंच म्हणजे काय? ट्रॅक्टरनं जरा वेगळा आवाज काढला तर त्याच दिवशी गॅरेज गाठता, गुडघा दुखला तर मोठ्या शहरातला डॉक्टर शोधता, आणि माणूस आतून पुसला जातोय तर "वय झालं" म्हणून दुसरी जिलेबी घेता! मामांचा विक्षिप्तपणा कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो, हे बघायला कोणाला सवड नव्हती. मी जालन्याला तपासणीचा विषय काढला, तर मामा उसळले, "मला येडा ठरवू राह्यला का तू?" त्यावर मामी एवढंच म्हणाल्या, "मला भ्या वाटू राह्यलंय." मामा उठले, फेटा बांधला आणि गाडीत जाऊन बसले.

डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी विचारलं, "काका, आपण आत्ता कुठल्या जिल्ह्यात आहोत?" मामा म्हणाले, "जालना जिल्ह्याच्या वतीनं डॉक्टरबाईंचं सहर्ष स्वागत!" बाई हसल्या नाहीत, "धन्यवाद" म्हणाल्या. तिथंच त्यांनी मामांना जिंकलं. मग त्यांनी लक्षात ठेवायला तीन शब्द दिले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि शेवटी ते तीन शब्द विचारले. मामा ताठ बसले, घसा खाकरला, हात सवयीनं तोंडापाशी नेला. मग तो तसाच खाली घेतला.

"आल्ते बाई पाहुणे," ते हळूच म्हणाले. "न जेवताच गेले."

मग बाईंनी मामींना विचारलं. मामी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "लई दिवस झाले. लग्नात म्या पुढं बसून ओठ हलवून नावं सांगायची, मंग ते बोलायचे. तीर्थपुरीला मला मानानं आतल्या खोलीत बसवलं." मामा त्यांच्याकडे बघतच राहिले.

रक्त तपासलं, कान तपासले, मेंदूचा फोटो काढला. पुढच्या खेपेला बाईंनी घाई न करता सगळं समजावलं. ऐकू कमी येतं, अंगात जीवनसत्त्व कमी आहे; ते सुधारेल. पण स्मृतिभ्रंशाची सुरुवातही आहे. तो जाणार नाही, त्याला सांभाळत चालावं लागेल. "माइक सोडू नका," त्या म्हणाल्या, "फक्त नावं सांगणारं माणूस आता उघड शेजारी बसवा." मामांनी मोठा श्वास सोडला. "चला, नाव तर कळलं. बिननावाचा पाहुणा लई वाईट." त्या बाईंचे उपकार कोणत्या पत्रकात मावतील, मला सुचलेलं नाही.

परवा वडीगोद्रीतच लग्न होतं. व्यासपीठावर दोन खुर्च्या. बाईमाणूस वर कशाला, अशी कुजबूज झाली. मी भाषण तयार ठेवलं होतं, पण मामींनी पहिलं नाव कानात सांगितलं, मामांचा आवाज मांडवभर घुमला आणि कुजबूज आपोआप बसली. मी मांडवात मागंच उभा होतो; नावं पुकारता पुकारता मामांची नजर माझ्यावर आली. मामी त्यांच्या कानाशी वाकल्या, तर मामांनी हातानंच थांबवलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आणि हे आपले... नाव मागाहून सांगतो मंडळी. माणूस आपला हाय, बराबर वळखतो मी. या, पुढं या, असे मागं उभे राहू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मामा मला अहोजाहो करत होते. मी पुढे गेलो.