विहीणबाईंचा अबोला

प्रेमराज बंबावरचा माणूस. जळगावात कुठं आग लागली की धुरात शिरून माणसं शोधायची, हे त्याचं वीस वर्षांचं काम. आगीला तो घाबरत नसे, पण विहीणबाईंपुढं त्याचं काही चालत नसे. लेक दिपमालाच्या लग्नात मानाचं लुगडं चुकून आधी विहीणबाईंच्या थोरल्या जावेच्या हातात गेलं, आणि झालं. विहीणबाईंनी, म्हणजे भिकुबाईंनी, भर मांडवात कानबाई देवीची आण घेतली, या माणसाशी जन्मात बोलणार नाही. त्याला आता तीन वर्षं झाली. खरं सांगायचं तर प्रेमराज मजेत होता, कारण बाईंच्या तोंडाचा पट्टा अख्ख्या गल्लीला ठाऊक.

परवा दुपारी भिकुबाईंच्याच घराखालच्या गादीच्या दुकानानं पेट घेतला. बंब पोचला तेव्हा दिपमाला रस्त्यात रडत उभी होती. "बाबा, सासूबाई वरच राहिल्या."

जोडीदार हनीफ जिन्यात दोर धरून थांबला आणि प्रेमराज मास्क चढवून रांगत आत गेला. धूर असा की स्वतःचा पंजा दिसेना. उजवा हात भिंतीवर, तो काही झालं तरी सोडायचा नाही; डाव्या पायानं खाटेखाली, कपाटाआड चाचपत जायचं. थोडं सरकलं की हाक मारायची आणि दम धरून ऐकायचं. धुरात माणूस दिसत नाही, आवाजानं सापडतो.

"विहीणबाई, कुठं आहात?"

चिडीचूप. मग कुठंतरी बांगडी वाजली. म्हणजे बाई शुद्धीवर होत्या, आवाजही ओळखला होता, आणि तोंड मात्र शिवलेलं. घर पेटलं तरी आण मोडायची नाही, काय म्हणावं या बाईला? एवढ्यात पाठीवरच्या सिलिंडरची शिट्टी वाजली, हवा संपत आली होती.

"बरं, नका बोलू," तो ओरडला. "पण एक सांगतो, सोयरीक जमवताना तुमच्याकडं जेवलो ना, ते भरीत अगदीच अळणी होतं."

"कोन म्हनस मन्हं भरीत अळणी शे?" मोरीतून गर्जना आली. "बठ्ठा गाव बोटं चाटस! तुम्हले चव कळस का?"

आवाजाच्या रोखानं तो मोरीत शिरला. ओला पदर नाकाला लावून बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यानं त्यांना खांद्यावर टाकलं आणि दोर धरून मागं फिरला. खांद्यावरून भरीत, मग लुगडं, मग प्रेमराजचं सगळं खानदान निघालं. जिन्यात मात्र आवाज बारीक झाला, आणि थांबला.

त्या शांततेनं प्रेमराजच्या जिवाचं पाणी झालं. "बोला ना, विहीणबाई. लुगड्याचं बोला. माझी चूक झाली हो, माझीच चूक झाली."

खाली समोरच्या ओट्यावर बाईंना निजवून ऑक्सिजन लावला. प्रेमराज शेजारी गुडघे टेकून 'माझीच चूक' म्हणत लहान मुलासारखा रडत होता. बऱ्याच वेळानं भिकुबाईंनी डोळे उघडले, नाकावरचा मास्क बाजूला सारला आणि त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "इतलंच त्या दिन मांडवमा बोलाले काय झायं व्हतं?"