नोकरी मागितली, खण मिळाला

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो. तंजावरच्या पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्याला, मेल वीदीला, लागून असलेली एक अरुंद गल्ली. सकाळचं ऊन उजवीकडून तिरकं पडलंय. कोपऱ्यावर इस्त्रीवाला हातगाडीवरचे कोळसे फुलवतोय, पाठीमागे कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी. डावीकडचं निळं दार उघडतं आणि कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेली, काखेत फाइल घेतलेली बाई बाहेर येते. रंगमंच ओलांडून ती थेट माझ्या ओट्यावर येऊन बसते आणि चपलेचा पट्टा लावायला वाकते.

"मामी, साडी बरी दिसते की?"

"राणीच्या पार्टला शोभेल."

"राणीचा नको, मामी. पगाराचा पार्ट असला तर बघा."

ही लक्ष्मीप्रिया. वय त्रेचाळीस. समोरच्या अनिरुद्धरावांची सून. आमच्या गल्लीतली बरीच घरं मराठी आहेत. मराठा राजांच्या वेळी आली आणि इथलीच झाली; त्यांच्या बोलीत प्रश्नाच्या शेवटी 'का'च्या जागी 'की' येतं. मी मात्र सांगलीकडची. नाटक कंपनीबरोबर हिंडता हिंडता इथल्या एका घरात लग्न करून आले. माझ्या गुडघ्यांनी दौरे बंद केले त्याला बरीच वर्षं झाली. आता हा ओटा हीच माझी विंग, आणि इथून जे दिसतं तेच नाटक. पण गेल्या वर्षापासून समोर जे चाललंय ते बघून टाळी वाजवायला हात उठत नाही. दुसऱ्याच कामाला उठावासा वाटतो.

प्रिया तिरुपूरला एका कारखान्यात कामाला होती. तिथं बनियन, टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे शिवून परदेशी जातात. शिवलेला माल तपासणाऱ्या मुलींची ती मुख्य. तिथंच बायकांच्या हॉस्टेलात राहायची, महिन्यातून एकदा घरी यायची. नवरा चिदंबर इथं लग्नपत्रिका छापायचा. लोक पत्रिका मोबाईलवर पाठवायला लागले, तसं त्याचं यंत्र गप्प झालं. सासरे अनिरुद्धराव गणिताचे मास्तर, पण खासगी शाळेतले, पेन्शन नाही. मुलगा कॉलेजात. म्हणजे त्या निळ्या दारामागची चूल प्रियाच्या पगारावर पेटायची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मग अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर वाढवला. पेपरात वाचलं तेव्हा मला ती मोठ्या लोकांची भांडणं वाटली. ती भांडणं तिरुपूरच्या गोदामातल्या गठ्ठ्यांवर येऊन बसली. माल तयार, घेणारा गप्प. एके दिवशी प्रियाच्या फोनवर निरोप आला, "ऑर्डर सुरू होईपर्यंत सुट्टीवर राहावे." खाली हात जोडल्याचं चित्र. सुट्टी म्हणे! शाळेतल्या पोरांना देतात तशी. साहेब भेटले नाहीत, बोलले नाहीत. बरोबरच्या बाया हॉस्टेलात एकमेकींना विचारत बसल्या, आपल्याला काढलं की नाही काढलं?

आमची कंपनी मिरजेला बुडाली, तेव्हा मालकांनी आम्हा सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं होतं. खुर्च्या रिकाम्या, आमच्या तोंडावरचा रंगसुद्धा उतरलेला नव्हता. म्हणाले, "मुलांनो, उद्याचा खेळ नाही. परवाचाही नाही. माझ्याजवळ काही उरलेलं नाही." ते रडले, आम्ही रडलो, आणि त्यांच्या बायकोनं सगळ्यांना पिठलं-भात वाढला. तोंडावर सांगायला छाती लागते. हात जोडल्याचं चित्र पाठवायला एक बोट पुरतं.

प्रिया घरी आली ती रडत बसली नाही. मोबाईलवरून अर्ज केले. कुणी वयाला नाकं मुरडली, कुणी "कळवतो" म्हणून मुकं झालं. कोइमतूरच्या एका पोरानं फोनवर तोंड दाखवून मुलाखत घेतली आणि विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" ही म्हणाली, "तंबी, धाकट्या भावा, आधी येत्या एक तारखेला कुठं बघायचं ते सांग." तो हसला. नोकरी काही दिली नाही.

तेव्हा तिनं ठरवलं, गावातच शोधायचं. मिळेल ते काम. आणि इथून पुढे जे झालं ते फक्त तंजावरातच होऊ शकतं.

आपल्याकडे सवाष्ण घरी आली की हळदीकुंकू लावून ओटी भरतात ना, तसं इथं तांबूल देतात. ताटात विड्याची पानं, सुपारी, एखादं केळं आणि वर ब्लाऊजचा खण. प्रिया चहापुडीच्या गोदामात हिशेबनिसाचं काम मागायला गेली. मालक उठून उभे राहिले. खुर्ची दिली, पितळी पेल्यात कॉफी आली, घरातून बायकोला बोलावलं, तिनं कुंकू लावून खण हातात ठेवला. काम? "बघू या, अम्मा. सध्या बाजार फार वाईट." मग एका नर्सिंग होमच्या रिसेप्शनला. तिथं डॉक्टरीणबाईंनी खण दिला. मग साखर-डाळीचे होलसेल व्यापारी, मग एक ट्रॅव्हल्सवाला. जिथं जाईल तिथं कॉफी, कुंकू, खण. काम नाही.

"मामी, तुम्हाला यातला एक देऊ की?" एकदा ती थप्पी घेऊनच माझ्याकडे आली. "हा हिरवा चहाच्या गोदामाचा. हा पिवळा नर्सिंग होमचा. हा जांभळा ट्रॅव्हल्सचा, याचा रंग जाईल, पाण्यात टाकायच्या आधीच दिसतंय."

आम्ही दोघी खूप हसलो. मग ती एकदम थांबली आणि खणांच्या घड्या पुन्हा घालायला लागली. काम करणाऱ्या बाईला कुणी कॉफी देत नाही, मामी, असं ती खाली बघून म्हणाली. कॉफीचा पेला दिसला की समजायचं, इथं आपण पाहुणे.

सगळीकडे खणच का मिळतो, हे कोडं सुटलं ते राजमाणिक्कमच्या कापडाच्या शोरूममध्ये. चार मजली दुकान, दारावर पाटी, "सेल्ससाठी महिला पाहिजेत." पाटी वाचून प्रिया आत गेली. राजमाणिक्कम गल्ल्यावरून उठले, हात जोडले, कॉफीला माणूस धावला.

"अम्मा, सारांनी, तुमच्या सासऱ्यांनी, छडी मारून मला गुणाकार शिकवले. त्या घरच्या सुनेला मी साड्या दाखवायला उभी करू? ऊर, सगळं गाव थुंकेल माझ्यावर."

"मग गोदामात ठेवा. आलेला माल तपासते. तेच काम केलंय मी."

"छे, छे! सार स्वतः आले होते मंगळवारी. एवढंच म्हणाले, सून येईल, तिचा मान राखा. अजून काय सांगायला हवं मला?"

आणि बायको ताट घेऊन आली.

त्या संध्याकाळी मी समोरच्या घरी डब्बा परत द्यायला गेले होते. अनिरुद्धराव झोपाळ्यावर, चिदंबर दारात. प्रिया फाइल न ठेवताच सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"मामंजी, तुम्ही राजमाणिक्कमकडे गेला होतात की?"

"सहज गेलो होतो."

"आणि नर्सिंग होमात?"

"डॉक्टर माझा विद्यार्थी."

"चहाच्या गोदामात?"

"ते वाटेतच लागतं."

"तिथं सगळीकडे काय सांगितलंत?"

"काय सांगणार? सून येईल, मान राखा म्हटलं."

"नोकरी द्या म्हणालात की?"

म्हातारा असा दुखावला, जसं काही तिनं त्यांना चोर म्हटलं. "ते कसं म्हणायचं? समजणाऱ्याला समजतं. आपल्या घरात तोंड उघडून आजवर कुणी कुणाकडे मागितलेलं नाही."

खरं सांगते, त्यांची ही रीत मला आवडते. सोयरीक ठरवायची तरी इथली आमची माणसं "मुलगी द्या" म्हणत नाहीत. नुसतं जाऊन बसतात, पावसापाण्याचं बोलतात, जाताना विचारतात, "पोर मोठी झाली की?" पलीकडच्याला कळतं. शे-दोनशे लग्नं अशी जमली असतील. पण ती रीत चालते ती पलीकडच्याला कळून घ्यायचं असतं म्हणून. या व्यापाऱ्यांना काय कळलं नव्हतं? मास्तर या वयात उन्हातून चालत आले, सुनेचं नाव काढलं, ते काय कौतुकासाठी? सगळं कळलं होतं. त्याच आठवड्यात राजमाणिक्कमनं ओरत्तनाडूकडच्या खेड्यांतल्या कोवळ्या पोरी घेतल्या, निम्म्या पगारावर, तक्रार न करणाऱ्या. मास्तरांच्या सुनेला पुरा पगार द्यावा लागला असता. मान स्वस्त पडतो. दुकानात शिल्लक राहिलेल्या खणात तो भागतो. आणि वर म्हणायला मोकळे, बघा, आम्ही सारांना विसरलो नाही!

चिदंबर दारातून म्हणाला, "नाना, ती बरोबर बोलत्ये."

"तू मध्ये पडू नको. तुझ्या पत्रिका कुणी घेईना, तुझे सल्ले कोण घेणार?"

प्रिया आत गेली. कपाटातली ती सगळी थप्पी आणून तिनं सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

"मान राखला त्यांनी, मामंजी. हा बघा. एकेकाला हात लावून बघा. यातला एकही शिजत नाही."

अनिरुद्धरावांचे हात त्या कापडांवर तसेच राहिले. ते म्हणाले, "मग मी काय भीक मागायची होती?"

"तुम्ही काही मागू नका. मागायचं मी बघते. फक्त मी जाईन तिथं आधी जाऊ नका. तुमचं नावही मी सांगणार नाही."

मी डब्बा तिथंच ठेवून बाहेर आले. असा प्रवेश झाल्यावर विंगेत फार रेंगाळू नये.

दुसऱ्या दिवशी ती बसनं पापनाशमला गेली. तिथं मास्तरांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. भाताच्या एका जुन्या गोदामात शाळांचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे, वळ्ळियम्मै नावाच्या बाईचा. तिथं काय झालं ते प्रियानं मला दोघींचे आवाज काढून सांगितलं. वळ्ळियम्मै खुर्चीतून उठली नाही. कापड मोजत होती, ते मोजतच राहिली.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"वय जास्त आहे तुझं."

"हो."

"माझ्या पोरी तुझ्या निम्म्या वयाच्या. त्यांच्याबरोबर दिवसभर उभं राहायचं. अम्मा-बिम्मा कुणी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"तिरुपूरएवढा पगार नाही."

"किती कमी, ते सांगा."

तिनं सांगितलं. कमी म्हणजे बराच कमी. "आणि जूनपर्यंत. शाळा उघडल्या की काम संपतं. पुढचं मी आत्ता कबूल करत नाही."

"एवढं लिहून द्याल?"

तेव्हा म्हणे वळ्ळियम्मैनं पहिल्यांदा मान वर केली. "देते. सोमवारपासून ये."

"मामी," प्रिया माझा हात धरून म्हणाली, "तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही!" आणि नाटकातल्या नायिकेला राजपुत्र मिळाल्यावर होत नाही एवढा आनंद तिच्या तोंडावर.

त्या आनंदाचाच मला संताप आला. तिच्यावर नव्हे. एवढी वर्षं ज्या बाईच्या नजरेखालून माल परदेशी गेला, तिला पोरींबरोबर उभं राहायचं काम जूनपर्यंत मिळालं, आणि तरी ती गल्लीभर सांगत सुटली की मला पाणी विचारलं नाही! काय दिवस दाखवले या लोकांनी तिला! याला कुणी सुखान्त म्हणेल तर मी ओट्यावरून खाली उतरून भांडेन. तिरुपूरच्या त्या हॉस्टेलातल्या बाकीच्या बाया कुठल्या गोदामांच्या दारात उभ्या असतील, कोण जाणे. त्यांना तर खणसुद्धा मिळाला नसेल.

प्रिया कामाला लागली. अंधार असताना उठायची, स्वयंपाक करून पहिली बस पकडायची. अनिरुद्धराव तिच्याशी फारसं बोलत नव्हते. पण ती बसला निघाली की दाराशी येऊन उभे राहायचे, वळणापर्यंत.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होते. अनिरुद्धरावांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्यानं बोलतो. पलीकडे राजमाणिक्कम.

"सार! काय ऐकतोय मी? आपल्या घरची सून पापनाशमला? बसनं? पोरासोरांच्या चड्ड्या तपासायला? ऊर काय म्हणेल, सार! मला एक शब्द सांगायचा होता. आम्ही काय मेलो होतो?"

अनिरुद्धरावांनी फोन छातीशी धरला. मग हात लांब करून तो प्रियासमोर धरला आणि म्हणाले, "तूच बोल."

तिनं पदराला हात पुसले. फोन घेतला. आवाज चढवला नाही, पण शब्द असे सुटे सुटे, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू गेले असते.

"मेला कुठं होतात, अण्णा? गल्ल्यावर बसला होतात की. मी समोरच होते, काम मागत होते."