साडूंच्या लेकीची खोली

आमच्या साडूंना देवानं हे शरीर दिलं तेव्हा त्यांनी ते नक्कीच नमुना म्हणून घेतलं असणार, आणि घरी आणून गरजेप्रमाणे त्यात चार-दोन बदल केले असणार. कुठलीही वस्तू जशी मिळाली तशी वापरायची नाही, हा त्यांचा बाणा. याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. नांदेडला बियाण्यांच्या एका कंपनीत ते कॉम्प्युटर सांभाळतात. नांदेडच्या मशीनवर पडलेल्या प्रत्येक नोंदीची नक्कल लगोलग लातूरच्या मशीनवर उमटवायची, म्हणजे इकडं काही बिघडलं तरी तिकडं सगळं शाबूत. हे काम एक सॉफ्टवेअर करतं. पण नांदेडचं मशीन नवं आणि लातूरचं जुनं, त्यामुळं नोंद कुठल्या साच्यात लिहून पाठवायची हे सांगणारा एक छोटा प्रोग्राम मध्ये लागतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याचा कोड सोबत दिला होता आणि वर लिहिलं होतं, 'हा केवळ नमुना आहे. आपल्या गरजेप्रमाणे बदलून कंपाइल करावा.' दुसऱ्या कुणी ती ओळ वाचून सोडून दिली असती. साडूंनी ती आयुष्याला लावून घेतली.

म्हणजे शिंप्यानं दाखवलेल्या शर्टाचा खिसा त्यांनी आतल्या बाजूनं लावून घेतला. आता पेन काढायला दोन बटणं उघडावी लागतात. मी टोकलं तर म्हणाले, "पण पेन पडत तर न्हाई ना?" ऑफिसातल्या कोडचंही तसंच. त्यात गावाच्या नावाला इतकी तोकडी जागा होती की हिमायतनगरचा शेतकरी लातूरला निम्माच पोचायचा. साडूंनी जागा वाढवली, तारखेचा क्रम फिरवला आणि कंपाइल करायला, म्हणजे तो कोड मशीनला चालेल असा करून घ्यायला बसले. त्या वेळी ते चपला काढून ठेवतात, डोळे मिटतात आणि माहूरला दर्शनाच्या रांगेत असल्यासारखा चेहरा करतात. पडद्यावर चुका झळकल्या की खूश! "एरर आला म्हंजे ते आपल्याशी बोलून राहिलं, राव. गुमान पास झालं की मला लई भ्या वाटतं." सगळं मार्गी लागलं की मात्र संध्याकाळी घराच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन आभाळाकडं बघत बसतात. आपली एकेक नोंद लोहा, अहमदपूर ओलांडून चालली आहे, चाकूरच्या वर आल्यावर खाली तुरीचा पिवळा फुलोरा बघून जरा रेंगाळली आहे, असं त्यांना खरोखर दिसतं. चहा गारढोण होतो. माझी मेहुणी तो आत नेऊन पुन्हा गरम करून आणते.

ऑफिसात कुणी नवं आलं की साडू त्याला एकच गोष्ट घोकून घ्यायला लावतात. "पहिलं ठरवायचं, अस्सल कोणतं अन् नक्कल कोणती. दिशा चुकली की नक्कल येऊन अस्सलावर बसते. मग रडून उपयोग न्हाई."

एवढं ठाऊक असलेल्या माणसाचं पुढं काय झालं ते सांगतो. त्यांची एकुलती एक लेक डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला गेली. साडूंना ते सोसेना. जेवताना ताटाकडं बघत बसायचे, तिची सायकल उगीच पुसायचे. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं इलाज काढला. रोज संध्याकाळी फोन करायचा आणि विचारायचं, "आज काय बदललं?" तिनं लातूरच्या खोलीत पलंग भिंतीला सरकवला की साडू इथं नांदेडला तिचा पलंग भिंतीला सरकवत. तिनं अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलं की इथंही तसंच वेळापत्रक त्याच उंचीवर. तिकडं पोपटांचा पडदा नव्हता, म्हणून इथला उतरला. माहूरच्या डोंगरावरून तिनं लहानपणी वेचून आणलेले रंगीत खडे खिडकीत मांडलेले होते, ते डब्यात घालून माळ्यावर गेले. तिकडच्यासारखं लोखंडी टेबल करून द्यायला बोलावलेले मिस्त्रीचाचासुद्धा चक्रावले. "साब, बच्ची लातूर में है, तो टेबल यहाँ कायकू?" साडू स्वप्नात असल्यासारखे हसले. त्या खोलीत बसलं की पोर समोर आहे असं त्यांना वाटायचं. ते बघून मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

दिवाळीला लेक आली. आम्ही सगळे जमलो होतो. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती आधी खोलीकडं धावली. साडू मागोमाग, तोंडभर हसत. उंबऱ्यात ती थबकली.

"पप्पा, हे तर लातूरच हाय."

"हाव! हुबेहूब. बघ ना, खिळासुद्धा..."

ती पलंगावर बसली आणि रडायलाच लागली. "तिथं मला झोप येत न्हाई, पप्पा. डोळे मिटले की मी ही खोली आठवत पडते. खिडकीपाशी पलंग, पोपटांचा पडदा, माझे खडे. मला इथं यायचं होतं."

साडूंचा चेहरा उतरला. पडद्यावर सगळं गुमान पास झालं होतं आणि चूक आत होती. "दिशा चुकली माझी," एवढंच ते पुटपुटले, आणि शिडी आणायला गेले.

खडे खाली आले, पडदा चढला, पलंग पुन्हा खिडकीपाशी सरकला, लोखंडी टेबल आम्ही दोघांनी गॅलरीत काढलं. खड्यांचा क्रम साडूंना आठवेना. लेकीनंच डोळे पुसत एकेक खडा खिडकीत मांडला. तांबडा खडा कडेला ठेवला, तेव्हा तो मधे बरा दिसेल असं त्यांच्या अगदी ओठावर आलेलं मी पाहिलं. त्यांनी ते गिळलं. त्या रात्री पोर त्या खोलीत गाढ झोपली.

अजूनही संध्याकाळी फोन होतो. "आज काय बदललं?" साडू विचारतात, आणि ती सांगते ते "हाव, हाव" करत सगळं ऐकून घेतात. मग खोलीत जातात, खड्यांवरची धूळ फुंकतात, पलंगाच्या कडेला बसून राहतात. परवा मी गेलो तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी सहज तांबडा खडा उचलला.

"राहू द्या, राव," साडू हळूच म्हणाले. "पोरगी रात्री डोळे मिटून इथं येते."