मायाप्पानं स्वतःला धाडलेली पत्रं

...तर मायाप्पा स्वतःलाच पत्र धाडायचा, इथवर काल आलो होतो. काल नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, मायाप्पा म्हणजे आमच्या निपाणीच्या वाचनालयात शिपाई होता तो, माझा सातवीपर्यंतचा सोबती. विसरू नये म्हणून तो खिशात चिठ्ठ्या लिहून ठेवायचा, त्या बायको, तानीबाई, शर्टासकट धुऊन टाकायची. म्हणून त्यानं वाचनालयाच्या कम्प्युटरवरून स्वतःच्याच पत्त्यावर ईमेल लिहायला सुरुवात केली. मग घरी तेच मोबाईलवर वाचायचं. लिहिणं मात्र गुरुजींनी शिकवलं तसं, ‘श्री. मायाप्पा यांस, स. न. वि. वि.’ आणि खाली ‘आपला नम्र, मायाप्पा’.

“स्वतःलाच नमस्कार घालतोस व्हय रं?” मी म्हणायचो.

“घरात दुसरं कोण घालतंय?”

गेल्या महिन्यात तानीबाईच्या पोटात कळ उठली. आम्ही दोघांनी तिला गाडीत घालून बेळगाव गाठलं. टिळकवाडीत राहणारी त्यांची लेक अक्षरा दवाखान्यात आधीच येऊन थांबली होती. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “यांना कुठलं औषध सोसत नाही का?”

नव्हतंच सोसत. सात वर्षांपूर्वी एका इंजेक्शननं तानीबाईचं तोंड सुजून श्वास कोंडला होता. पण नाव? अक्षरा तेव्हा धारवाडला शिकत होती. तानीबाईला कळांपुढं काही सुचेना. मायाप्पालाही नाव आठवेना.

“चुकून तेच दिलं तर जिवावर बेतेल,” बाई म्हणाल्या.

“लिवलंय मी,” असं म्हणून मायाप्पा खिसे चाचपायला लागला. मोबाईल निपाणीत, चार्जिंगला. घराला कुलूप.

“आप्पा, तुमची मेल माझ्या फोनवर हाय की,” अक्षरा म्हणाली. “पेन्शनच्या कागदांसाठी जोडलीया न्हवं?”

तिनं ‘तानी’ असं टाकून शोधलं. ही ढीगभर पत्रं! तानीच्या चष्म्याचा नंबर, तानीला आवडलेल्या लुगड्याचा रंग, तानी कशावरनं रुसली ते. अक्षरा बापाकडं एकदा बघून पुढं सरकली. आणि सापडलं, ‘विषय: तानीबाईस न चालणारे इंजेक्शन.’

बाईंनी नाव उतरवून घेतलं, पत्र ‘आपला नम्र’पर्यंत वाचलं आणि गालात हसल्या. “हेच देणार होते की ओ. आता दुसरं देते.”

दुपारी ऑपरेशन पार पडलं. तानीबाईनं डोळे उघडून पहिलं विचारलं, “दाराला कुलूप लावलंय न्हवं?” तेव्हा कुठं आम्ही दोघं बाकावर टेकलो.

“भ्यालतास व्हय रं?” मी विचारलं.

“लई भ्यालतो,” मायाप्पा म्हणाला. “त्या सुईचं नाव मला जन्मात आठवलं नसतं, गड्या. कुठं लिवलंय तेवढं आठवलं, बास झालं.”