टिचकीचा कान

आमच्या लालबागच्या गाळ्यात बॅटऱ्यांसाठी धातूची कड चढवलेल्या सिरॅमिकच्या रिंगा होतात. त्या बॅटरीत वितळलेलं सोडियम असतं. रिंगेला केसाएवढी चीर गेली तरी आग लागू शकते.

मी पॅकिंगला आणि काका तपासणीला. रिंग दोऱ्याला टांगायची, डोळे मिटून नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर उजवीकडे, बद्द वाजली तर डावीकडे. "माठ घेताना वाजवतेस ना गो, तसंच," एवढंच त्यांचं शिकवणं.

सोमवारी त्यांनी एकच रिंग चारदा वाजवली आणि माझ्यापुढे धरली.

"वाजली?"

"वाजली की. छान खणखणीत."

"मला नाय आली ऐकू." ते खाली बसले. "गेल्या आठवड्याचे खोके उघड."

"सगळे? काका, मीच चिकटपट्ट्या लावल्यात. कंबर मोडलीय माझी."

"माझी पण."

दिवसभर ते टिचकी मारत होते आणि मी ऐकत होते. तिसऱ्या खोक्यातली एक रिंग बद्द वाजली. मी काहीच बोलले नाही. पण आज त्यांनी डोळे मिटले नव्हते, ते माझ्याच तोंडाकडे बघत होते. त्यांनी ती रिंग उचलली आणि डावीकडे ठेवली.